माझ्या हिश्शाची डिस्क

खिशात गजर झाला तेव्हा मी फळ्यावर उतरणीचा कोन काढत होतो. वर्गात मोबाइल वाजला की मुलं हसायची, पण हा आवाज मोबाइलचा नव्हता, त्यामुळे हसावं की नाही हे त्यांना ठरवता येईना. मी खडू ठेवला आणि ऑर्गनायझर बाहेर काढला. त्याच्या हिरवट पडद्यावर लिहिलं होतं : गच्चीवरची टाकी.

माझ्याकडे गच्ची नव्हती आणि टाकीही नव्हती. पदमपुऱ्यात मी घेतलेल्या भाड्याच्या खोलीला एक नळ होता आणि तोही बाहेर.

"सर, काही अर्जंट आहे का?" पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"टाकी," मी म्हणालो आणि घर्षणाकडे वळलो.

ही गोष्ट औरंगाबादची, मोबाइलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं तेव्हाची. ऑर्गनायझर म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. तळहातात मावणारं यंत्र. प्लास्टिकच्या काडीने त्याच्यावर लिहायचं : पत्ते, फोन नंबर, कोणत्या दिवशी किती वाजता काय करायचं आहे. ज्यांना कामं फार त्यांच्यासाठी ते बनवलं होतं. माझ्या थोरल्या भावाने अमेरिकेतून येताना ते मला आणून दिलं, कारण त्याने स्वतःसाठी नवीन घेतलं होतं.

त्यात लिहिलेलं कॉम्प्युटरवर जायचं आणि कॉम्प्युटरवर लिहिलेलं त्यात यायचं. याला सिंक म्हणत. त्यासाठी यंत्र एका बैठकीत उभं करायचं आणि बैठकीची वायर कॉम्प्युटरला जोडायची. बैठकीला क्रेडल म्हणत. आमच्या घरात आलेला तो एकच पाळणा.

सोबतची सीडी विंडोजची होती आणि मी लिनक्सवाला. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी प्रणाली. तेव्हा तो उपासासारखा प्रकार होता. करणार एक आणि धावपळ घरातल्या सगळ्यांची. आमच्याकडे कॉम्प्युटर एकच, म्हणून मी हार्ड डिस्कचे दोन भाग केले होते. एका भागावर माझ्या बायकोचं, वृंदाचं, विंडोज. ती गुलमंडीवर एका छापखान्यात डीटीपी करायची आणि घरीही कामं आणायची. दुसऱ्या भागावर माझं लिनक्स. मशीन सुरू झालं की ते आधी विचारायचं, कुणाकडे जायचं. संसाराची वाटणी व्हायच्या कितीतरी आधी डिस्कची झाली होती, आणि ती मात्र आम्ही दोघांनी शेजारी बसून, हसत हसत केली होती.

लिनक्सवर तो ऑर्गनायझर चालायला लागावा म्हणून मी एक अख्खा हिवाळा घालवला. कमांड आधी द्यायची आणि क्रेडलचं बटण मग दाबायचं, एवढंच शेवटी निघालं. त्या हिवाळ्यात वृंदा माझ्याशी काय काय बोलली हे मला आठवत नाही. ती बोलत होती एवढं आठवतं.

सिडकोतलं घर आप्पांचं, म्हणजे वृंदाच्या वडिलांचं, त्यामुळे वेगळं व्हायचं ठरल्यावर बाहेर कुणी पडायचं यावर चर्चा झाली नाही. मी दोन बॅगा आणि ऑर्गनायझर घेऊन निघालो. कॉम्प्युटर आणि क्रेडल तिथेच राहिले. म्हणून दर रविवारी सकाळी मी सिंक करायला सिडकोत जायचो.

"तू दुसरा कॉम्प्युटर का घेत नाहीस?" वृंदाने एकदा दारातच विचारलं होतं.

"पदमपुऱ्यात व्होल्टेज कमी असतं."

पदमपुऱ्यात व्होल्टेज उत्तम होतं. त्यानंतर तिने विचारलं नाही. माझी यायची वेळ झाली की ती पिशवी घेऊन बाहेर पडू लागली.

आणि माझ्याकडे सिंक करण्यासारखं होतं तरी काय? शनिवारी संध्याकाळी मी खाटेवर बसून मुद्दाम नोंदी करायचो. दाढीचं ब्लेड. चपलेचा अंगठा. प्राचार्यांची भेट. यंत्र अगदीच रिकामं घेऊन जाणं बरं दिसत नाही.

टाकीच्या गजरानंतरच्या रविवारी दार आप्पांनी उघडलं. भास्करराव सेलूकर, मध्यवर्ती बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त फक्त कागदावर.

"मास्तर, आज उशीर."

"बस उशिरा आली."

"कुठली?"

"स्टेशनवरून येते ती."

"ती वेळेवर होती. मी गच्चीतून बघितली."

मी चपला काढल्या. "वृंदा?"

"भाजीला गेलीय. तुमची बस दिसली की तिला भाजी आठवती." ते स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले आणि मी मशीन सुरू केलं. ते म्हणालं, कुणाकडे? मी माझ्या बाजूला गेलो. टाकीची नोंद कॅलेंडरमध्ये होतीच, रोमन अक्षरांत, सगळी कॅपिटल. मी ती पुसली.

"आप्पा, इकडच्या बाजूला कुणी हात लावतं का?"

"मी पत्ते खेळतो की." आतून आवाज आला. "तिच्या बाजूचे पत्ते तिनं काढून टाकले, जागा खातात म्हणून. तुमच्या बाजूचे आहेत अजून."

"पत्ते सोडून?"

"पत्त्यांना माऊस पुरतो, मास्तर. साखर किती?"

माझी साखर त्यांना माहीत होती, पण मी सांगितली.

मी निष्कर्ष काढला की सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे. जुन्या, पुसलेल्या नोंदी कधीकधी परत उगवतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. कॉलेजच्या लॅबमधून मी जगभरच्या लिनक्सवाल्यांच्या यादीवर एक लांबलचक ईमेल टाकलं. फिनलंडच्या एका माणसाने लॉग, म्हणजे यंत्राने काय काय केलं त्याची यादी, मागितला. दुसऱ्या एकाने कळवलं की मॅन्युअल वाचलं असतं तर मी हा प्रश्न विचारला नसता. मी मॅन्युअल पुन्हा वाचलं. त्यात टाकीचा उल्लेख नव्हता.

गुरुवारी एक वाजता पुन्हा गजर झाला. मी मेसमध्ये ताटावर बसलो होतो. पडद्यावर होतं : जेवण झालं का.

हातातला घास मी तसाच धरून ठेवला. सॉफ्टवेअरमध्ये हजार दोष असतात, पण कुठलाच दोष जेवणाची चौकशी करत नाही.

समोर बसलेले इलेक्ट्रिकलचे बोर्डे म्हणाले, "काय रे, मीटिंग का?"

"हो."

"जेवणाच्या वेळेला? कुणाबरोबर?"

"ठरतंय अजून," मी म्हणालो.

घरात माणसं दोन. आप्पांना पत्त्यांपुरता माऊस पुरत होता. राहिली ती एकच व्यक्ती, जिची बोटं कीबोर्डवर डोळे मिटून चालत आणि जी माझ्याशी तोंडाने बोलायला तयार नव्हती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मेसची आमटी संपली होती. मी आणखी मागितली. तिथे आमटी पुन्हा कुणी मागत नसे, त्यामुळे वाढपी दोनदा विचारून गेला.

काडीने मी त्याच नोंदीखाली लिहिलं : झालं. शेवग्याची भाजी. रविवारी सिडकोत जाऊन सिंक केलं. वृंदा भाजीला गेली होती. आप्पांनी चहा दिला आणि लातूरच्या गाडीचा मार्ग कसा चुकीचा बदलला ते सांगितलं. मी ऐकत नव्हतो. त्याच्या पुढच्या रविवारी उत्तर आलं. शेवगा नको. पित्त.

पित्ताची आठवण ठेवणारं माणूस कोर्टात जाऊन काय बोलेल याचा मी विचार करू लागलो. आमच्या घटस्फोटाच्या अर्जाची दुसरी तारीख पुढच्या महिन्यात होती. परस्परसंमती, त्यामुळे भांडण नव्हतं. न्यायाधीश विचारणार, नक्की ना, आणि दोघांनी हो म्हणायचं. वकिलांनी सांगितलं होतं की एकजण नाही म्हणाला तर सगळं थांबतं. हे त्यांनी धोका म्हणून सांगितलं होतं.

मी लिहिलं, मेसची आमटी पातळ. आठवड्याने पडद्यावर आलं : इथेही.

या एका शब्दावर मी बरेच दिवस काढले. वृंदाची आमटी पातळ कधीच नसायची. एखाद्या बाईच्या हातची आमटी पातळ होऊ लागते, याचा काहीतरी अर्थ असणारच. मी लॅबमधल्या शिपायापासून बोर्डेपर्यंत सगळ्यांशी नीट वागू लागलो. शनिवारी बसून खोट्या नोंदी करायची गरज राहिली नाही. गजर नसला तरी एक वाजता माझा हात खिशाकडे जायचा.

समोरासमोर विचारावं असं वाटलं नाही का? वाटलं. पण आम्ही तोंडाने बोलायला लागलो की संभाषण वकिलांपर्यंत जायचं, आणि हे प्रकरण आमटीपर्यंत सुखरूप आलेलं होतं. शिवाय विचारायला ती घरात हवी.

मग कॉलेजच्या ऑफिसात तिचा फोन आला. क्लार्कने मला स्टाफरूममधून बोलावलं.

"श्री, ऐक," वृंदा म्हणाली. "छापखाना सोडतेय मी. घरूनच करणार आता. पाठ्यपुस्तकांचं काम मिळालंय."

"अरे वा."

"डिस्क पुरत नाहीये. चित्रांच्या फाइली एवढ्या मोठ्या असतात. तुझ्या बाजूची जागा लागेल मला."

"सगळी?"

"तिथे आहे काय तुझं? मी बघितलं, अर्ध्याच्या वर रिकामी आहे."

म्हणजे ती माझ्या बाजूला जात होती. तिच्याच तोंडून ऐकलं मी.

"श्री? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"दोन रविवारांनी ये. मी घरीच थांबते. तुला काय हवं ते काढून घे आणि तुझा भाग पुसून दे. मला ते येत नाही, माझंच काही उडायचं. तत्त्वं तुझी होती, पण डिस्क एकच आहे."

"थांबणार आहेस घरी?"

"म्हणाले ना."

फोन ठेवल्यावर क्लार्कने विचारलं, "सगळं ठीक ना सर?" मी म्हणालो, जागेचा प्रश्न आहे. तो म्हणाला, सिडकोत भाव फार वाढलेत.

मधला एक रविवार माझ्या हातात होता. त्या शनिवारी मी खाटेवर बसून काडी हातात धरली आणि बराच वेळ काही लिहिलं नाही. मग शेवटच्या रविवारची तारीख काढली आणि सकाळी दहाच्या रकान्यात लिहिलं : परत येऊ का. प्रश्नचिन्ह त्या यंत्रावर काढायला अवघड होतं, ते मी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सिंक केलं. वृंदा भाजीला. आप्पा चहा. बस. आठवडा.

शेवटच्या रविवारी मी नवा शर्ट घातला. दार वृंदाने उघडलं. तिच्या हातात चष्मा होता आणि कपाळावर पेन्सिलीची रेघ उमटलेली.

"ये. शर्ट नवा?"

"हो."

"वळ जरा. लेबल राहिलंय." टेबलावरची कात्री घेऊन तिने ते कापलं, माझ्या मानेला हात लागू न देता. लेबल तिने मलाच दिलं. ते मी खिशात टाकलं.

आप्पा आत कपबशा मांडत होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ मांडत होते. मी मशीनसमोर बसलो, वृंदा माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. कुणाकडे, मशीनने विचारलं. मी माझ्या बाजूला गेलो. ऑर्गनायझर क्रेडलमध्ये ठेवला, कमांड दिली, बटण दाबलं. बारीक आवाज होऊन नोंदी इकडून तिकडे गेल्या.

"एवढंच असतं हे?" ती म्हणाली.

"एवढंच."

"आणि यासाठी अख्खा हिवाळा."

मी कॅलेंडर उघडलं. रविवार, सकाळी दहा. परत येऊ का, हे मी लिहिलेलं वर होतं, पण त्या छोट्या चौकोनात एकच ओळ मावायची, त्यामुळे ते वर सरकून दिसेनासं झालं होतं. खाली, सगळ्या कॅपिटल अक्षरांत, उत्तर होतं.

वृंदाला विचारावं लागेल.

मी ते वाचलं. एकदाच वाचलं, कारण त्यात पुन्हा वाचण्यासारखं काही नव्हतं. खुर्ची न वळवता मी मान वळवली. आप्पा ट्रे घेऊन दारात उभे होते. ते कपांमधल्या चहाकडे बघत होते.

वृंदाने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघितलं.

"हे काय? मला काय विचारायचंय?"

आप्पांनी ट्रे टेबलावर ठेवला नाही. मी ठरवलं असतं तर वरच्या बाजूचा बाण दाबून तिला सगळा चौकोन दाखवता आला असता. बाण माझ्या बोटाखालीच होता.

"पुसू का, ते," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"माझा भाग. विचारून पुसावा म्हटलं. एकदा गेलं की परत येत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, मग आप्पांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिला काही कळलं होतं की नाही हे मी सांगू शकत नाही. तेव्हाही सांगता आलं नसतं.

"पूस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी फोनवर सांगितलंच होतं, श्री. पूस आता."

मी लिनक्सची सीडी घातली, मशीन पुन्हा सुरू केलं, माझा भाग निवडला आणि काढून टाक म्हटलं. दुसरी मशीनं अशा वेळी विचारतात, नक्की ना? या प्रोग्रॅमने विचारलं नाही. विंडोज नीट सुरू होतंय ना ते मी पाहून घेतलं. आता मशीन कुणाकडे जायचं ते विचारत नव्हतं, थेट तिच्याकडे जात होतं.

"बघ, सगळी जागा तुझी."

"थँक्स." मग ती म्हणाली, "चहा घे. आणि तो क्रेडल घेऊन जा, मागची जागा अडलीय त्याने."

चहा गार झाला होता. मी प्यायलो. क्रेडलची वायर गुंडाळून मी पिशवीत टाकली आणि निघालो तर आप्पाही चपला घालायला लागले.

"आप्पा, उन्हात कुठे?" वृंदाने विचारलं.

"मास्तरांना सोडून येतो थांब्यापर्यंत."

"तो लहान आहे का?"

"मी कुठं म्हटलं," आप्पा म्हणाले.

थांब्यावर सिमेंटचा बाक होता. कुणीच नव्हतं. आम्ही बसलो. बराच वेळ त्यांनी रस्त्याकडे बघितलं, म्हणून मीही बघितलं.

"तुम्ही होतात," मी म्हणालो.

"हं."

"मला वाटलं, तुम्हाला टाइप करता येत नाही."

"दोन बोटांनी येतं. रोजच्या गाड्यांचा रिपोर्ट कोण करायचं मग, तुम्ही?"

"आणि टाकी?"

"टाकी खरंच साफ करायची होती. तुमच्याशिवाय कोण चढणार वर. दिवस टाकला, वेळ टाकली, तुम्ही काय आला नाहीत."

"पण मी दर रविवारी येतच होतो ना आप्पा. समोर बसत होतो. तोंडाने का नाही बोललात?"

"समोर कुठं बसत होतात?" ते म्हणाले. "तुम्ही दाराकडं बघत बसायचात, भाजी कधी येती म्हणून. त्या माणसाशी काय बोलायचं?"

मी पिशवीतल्या वायरीशी चाळा करू लागलो.

"ती छापखान्यात गेली की दिवसभर घरात मी," आप्पा सांगू लागले, माझ्याकडे न बघता. "पत्ते किती खेळायचे. एक वाजता ताट घेतो. भिंत समोर. म्हटलं बघू, तुमच्या त्या डब्यात जातं का. गेलं. उत्तर आलं, शेवगा. बरं वाटलं जरा. आता एक वाजता तिकडं हे जेवायलेत, इकडं आपण. आमटी खरंच पातळ करायलीय ती आता. कामाच्या नादात."

"मला वाटलं ती लिहितेय."

"ते कळलं मला. परत येऊ का वाचल्यावर कळलं. म्हटलं, हे काय आपल्याला विचारलेलं नाही. पण उत्तर न देणं बरं दिसत नाही."

"मग विचारलंत तिला?"

"काल. जेवताना."

"काय म्हणाली?"

आप्पांनी धोतराचा सोगा झटकला. त्याला काही लागलं नव्हतं.

"म्हणाली, आप्पा, भात घ्या."

समोरून एक सायकलवाला गेला. त्याच्या कॅरिअरला लावलेली बादली खडखडत लांब जाईपर्यंत ऐकू येत होती.

"घेतलात?"

"घेतला थोडा."

ऊन बाकाच्या अर्ध्यावर आलं होतं. आप्पा सावलीत सरकले आणि मला जागा केली.

"तुमच्या त्या मेसला पाहुणा चालतो का?" त्यांनी विचारलं.

"कूपन घ्यावं लागतं आदल्या दिवशी."

"असं."

"जेवण बरं नसतं, आप्पा."

"ते तुम्ही लिहिलं होतंच की."

लांबून बस दिसली. स्टेशनला जाणारी, माझीच होती. मी पिशवी उचलली आणि उभा राहिलो. क्रेडलची वायर सुटून बाहेर लोंबत होती, ती मी आत कोंबली. बस थांबली. कंडक्टरने दार उघडून आमच्याकडे बघितलं.

"पुढची घ्या," आप्पा म्हणाले.

"पुढची कधी आहे?"

"आहे, तासाभराने."

कंडक्टर अजून बघत होता. मी हाताने त्याला जा म्हणून सांगितलं आणि बसलो. बस गेली.